दुभत्या गायींमधील तंतुमय चाऱ्याचे पचन

दुभत्या गायींमधील तंतुमय चाऱ्याचे पचन म्हणजे गवत, कडबा, पेंढा इत्यादी वैरणीतील वनस्पतींच्या पेशीभित्तिका गायीच्या पचनसंस्थेत विघटित होऊन त्यांपासून शरीरपोषणास व दुग्धनिर्मितीस उपयोगी द्रव्ये तयार होण्याची प्रक्रिया होय. हे विघटन गाय स्वतः करीत नाही. तिच्या कोटीपोटात राहणारे सूक्ष्मजीव ते करतात आणि त्यांनी निर्माण केलेल्या द्रव्यांवर गाय जगते. त्यामुळे एखादी वैरण किती पचेल हे केवळ त्या वैरणीवर ठरत नाही. त्या वैरणीबरोबर सूक्ष्मजीवांना काय मिळते, कोटीपोटातील द्रवाची आम्लता किती आहे आणि वैरण कोटीपोटात किती काळ टिकते, यांवरही ते अवलंबून असते. एकच कडबा एका गोठ्यात चांगला पचतो आणि दुसऱ्या गोठ्यात शेणावाटे बराचसा तसाच बाहेर पडतो, याचे कारण हेच आहे. भारतात दुधाच्या उत्पादनखर्चापैकी सुमारे ६० ते ७० टक्के खर्च पशुआहारावर होत असल्याने तंतुपचनाला मोठे आर्थिक महत्त्व आहे.

तंतुमय पदार्थांचे स्वरूप

वनस्पतिपेशीचे स्थूलमानाने दोन भाग मानता येतात. पेशीच्या आतील शर्करा, पिष्ट (स्टार्च), प्रथिने व स्निग्ध पदार्थ जवळजवळ पूर्णपणे पचतात. पेशीभोवतीची भित्तिका मात्र सावकाश व अंशतःच पचते. या भित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे तीन घटक असतात. पेक्टिन हा चौथा घटक द्विदल वनस्पतींत अधिक असतो, परंतु तो लवकर पचत असल्याने त्याची गणना सहसा तंतूंत केली जात नाही.

सेल्युलोज आणि पिष्ट हे दोन्ही ग्लुकोज या एकाच शर्करेच्या साखळ्यांनी बनलेले असतात. फरक असतो तो कड्या जोडणाऱ्या बंधाचा. पिष्टातील बंध तोडणारी विकरे (एंझाइमे) प्राण्यांच्या शरीरात तयार होतात. सेल्युलोजमधील बंध तोडणारे विकर गायीसह कोणत्याही सस्तन प्राण्याच्या शरीरात तयार होत नाही, पण कोटीपोटातील सूक्ष्मजीवांजवळ ते असते. हेमिसेल्युलोज अनेक प्रकारच्या शर्करांचे बनलेले असून गवतवर्गीय वनस्पतींत ते लिग्निनशी घट्ट जोडलेले असते. लिग्निन ही शर्करा नसून फिनॉलजन्य संयुगांचे जाळे आहे. खोडाला ताठपणा देणे हे त्याचे कार्य होय. निसर्गात काही बुरश्या लिग्निन कुजवतात, परंतु त्यासाठी प्राणवायू लागतो. कोटीपोटात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे तेथे लिग्निन व्यवहारतः अपचनीयच राहते. शिवाय आपल्याभोवतीच्या सेल्युलोज व हेमिसेल्युलोजलाही ते सूक्ष्मजीवांपासून झाकून ठेवते. म्हणूनच लिग्निनच्या अल्पशा वाढीने पचनीयतेत मोठी घट होते.

पशुआहारशास्त्रात तंतूंचे प्रमाण दोन मापांनी सांगतात. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन यांच्या एकत्रित प्रमाणाला एनडीएफ असे म्हणतात. गाय किती वैरण खाऊ शकेल याचा अंदाज त्यावरून येतो. हेमिसेल्युलोज वगळून उरलेल्या भागाला एडीएफ म्हणतात आणि त्यावरून पचनीयतेचा ढोबळ अंदाज बांधता येतो.

पचनाची प्रक्रिया

गायीच्या जठराचे कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे जठर असे चार कप्पे असतात. त्यांपैकी कोटीपोट सर्वांत मोठा असून प्रौढ गायीत त्याची धारणक्षमता १०० लिटरहून अधिक असते. तेथील तापमान सुमारे ३९ अंश सेल्सियस असते. त्यातील प्रत्येक मिलिलिटर द्रवात साधारणतः १,००० कोटी ते १०,००० कोटी जीवाणू आणि काही लाख आदिजीव (प्रोटोझोआ) असतात. याखेरीज प्राणवायूविना जगणाऱ्या बुरश्या आणि मिथेन तयार करणारे आर्किया वर्गातील सूक्ष्मजीवही तेथे राहतात. तंतूंचे विघटन करणाऱ्या जीवाणूंत फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनेस, रुमिनोकॉकस अल्बस आणि रुमिनोकॉकस फ्लेव्हफेशियन्स या जाती प्रमुख आहेत.

गाय चारा घाईने गिळते आणि नंतर विसाव्याच्या वेळी तो पुन्हा तोंडात आणून चावते. या क्रियेस रवंथ करणे म्हणतात. वैरणीवर जगणारी निरोगी गाय दिवसातून सुमारे ७ ते ९ तास रवंथ करते. वनस्पतीच्या बाह्य आवरणावर मेणासारखा थर असतो आणि त्यातून जीवाणूंना आत शिरता येत नाही. चर्वणामुळे खोड चिरले जाऊन त्यांना आतील भागाला चिकटण्यास जागा मिळते. बुरश्यांचे मुळांसारखे तंतू कठीण खोडात घुसून ते आतून खिळखिळे करतात. वैरण कोटीपोटात गेल्यानंतर पचन सुरू होण्यापूर्वी जो काही तासांचा काळ जातो, तो या चिकटण्याच्या व वाढीच्या क्रियेत खर्च होतो.

विघटनातून मिळालेल्या शर्करा जीवाणू आंबवतात. त्यापासून ॲसिटिक, प्रोपियॉनिक व ब्युटिरिक ही बाष्पनशील मेदाम्ले तयार होतात. ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि गायीला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा पुरवितात. तंतूंच्या पचनातून मुख्यतः ॲसिटिक आम्ल मिळते आणि दुधातील स्निग्धांश तयार करण्यासाठी कासेला त्याची गरज असते. सूक्ष्मजीव स्वतःही पुढे सरकत खऱ्या जठरात व आतड्यात पचतात आणि गायीला उत्तम प्रतीची प्रथिने पुरवितात. या प्रक्रियेत निर्माण होणाऱ्या हायड्रोजनपासून मिथेन वायू बनतो व तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. आहारातील एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा अशा प्रकारे वाया जाते. कोटीपोटात न पचलेल्या तंतूंपैकी थोडा भाग मोठ्या आतड्यातील जीवाणू पचवतात.

संशोधनाचा इतिहास

रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या कोटीपोटातील आदिजीवांचे वर्णन ग्रुबी व देलाफों या संशोधकांनी १८४३ मध्ये केले. जर्मनीतील वेंडे येथील प्रयोगकेंद्रात हेन्नेबर्ग व स्टोमान यांनी १८६० च्या दशकात चाऱ्याच्या रासायनिक पृथक्करणाची पद्धत रूढ केली. या पद्धतीत चारा प्रथम सौम्य आम्लात व नंतर सौम्य अल्कलीत उकळून उरलेल्या भागाला ‘कच्चे तंतू’ म्हणत. परंतु अल्कलीत लिग्निन व हेमिसेल्युलोज यांचा काही भाग विरघळून जाई आणि त्याची गणना सहज पचणाऱ्या कर्बोदकांत होई. त्यामुळे कधी कधी तंतू हे ‘सहज पचणाऱ्या’ भागापेक्षा अधिक पचनीय असल्याचे विचित्र अनुमान निघे.

अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांनी प्राणवायूविरहित वातावरणात जीवाणू वाढविण्याचे तंत्र विकसित केले. त्यामुळे सेल्युलोज पचविणाऱ्या जीवाणूंचा स्वतंत्र अभ्यास शक्य झाला. कोटीपोट व त्यातील सूक्ष्मजीव यांवरील त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. याच दशकात पीटर व्हॅन सोस्ट यांनी प्रक्षालकांच्या (डिटर्जंटच्या) साहाय्याने पेशीभित्तिका वेगळी करण्याची पद्धत शोधली. एनडीएफ व एडीएफ ही मापे त्यांच्याच कार्यातून आली असून आज ती जगभर वापरली जातात. कोटीपोटात आढळणारे काही सूक्ष्मजीव आदिजीव नसून बुरश्या आहेत, हे कॉलिन ऑर्पिन यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. बुरशीला जगण्यासाठी प्राणवायू लागतोच, हा तोवरचा समज त्यामुळे बदलला.

पचनावर परिणाम करणारे घटक

पचनाचा वेग व वैरण पुढे सरकण्याचा वेग

कोटीपोटात आलेल्या प्रत्येक कणाबाबत दोन क्रिया एकाच वेळी चालू असतात. सूक्ष्मजीव तो पचवीत असतात आणि त्याच वेळी तो पुढील कप्प्याकडे सरकत असतो. ज्या क्रियेचा वेग अधिक, तिचा वाटा मोठा. समजा, वैरणीतील पचण्याजोग्या तंतूंपैकी ताशी ५ टक्के तंतू पचतात आणि ताशी २.५ टक्के पुढे सरकतात. तर कोटीपोटात सुमारे दोन-तृतीयांश तंतू पचतील. पुढे सरकण्याचा वेग ताशी ५ टक्के झाला, तर निम्मेच पचतील.

गाय जितके अधिक खाते, तितकी वैरण लवकर पुढे सरकते. म्हणूनच भरपूर दूध देणाऱ्या व त्यासाठी भरपूर खाणाऱ्या गायीत त्याच वैरणीची पचनीयता भाकड गायीपेक्षा कमी आढळते. तरीही एकूण खाद्य अधिक असल्याने तिला मिळणारी एकूण ऊर्जा अधिकच असते. याउलट निकृष्ट कडबा सावकाश पचतो व कोटीपोटात रेंगाळतो. पोट भरलेले राहते आणि गाय अधिक खाऊ शकत नाही. तिची उपासमार होत असते, पण पोट मात्र भरलेले दिसते. वैरणीच्या एनडीएफची पचनीयता एका टक्का-अंकाने वाढली, तर गायीचे शुष्क खाद्य दिवसाला सरासरी ०.१७ किलोग्रॅमने व ४ टक्के स्निग्धांशाच्या प्रमाणात मोजलेले दूध ०.२५ किलोग्रॅमने वाढते, असा निष्कर्ष ओबा व ॲलन या संशोधकांनी १९९९ मध्ये अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून काढला.

वनस्पतीची जात, भाग व पक्वता

पचनीयतेवर सर्वाधिक परिणाम करणारा व शेतकऱ्याच्या हाती असणारा घटक म्हणजे कापणीची वेळ होय. वनस्पती फुलोऱ्याकडे व दाणे भरण्याकडे जाते, तसतसे पानांचे प्रमाण घटते, खोडाचे वाढते आणि खोडात लिग्निन साठत जाते. ज्वारी वा मका चाऱ्यासाठी असल्यास ती पन्नास टक्के फुलोऱ्याच्या सुमारास कापण्याची शिफारस केली जाते. संकरित नेपिअर गवत वेळेवर न कापल्यास त्याचे उत्पादन वजनाने वाढते, पण पचणारे अन्न त्या प्रमाणात वाढत नाही. मुरघासासाठी मका दाण्यांत चीक भरलेला असताना, म्हणजे झाडात सुमारे ३० ते ३५ टक्के शुष्कांश असताना कापतात.

उष्ण कटिबंधातील ज्वारी, मका, नेपिअर यांसारख्या गवतवर्गीय वनस्पतींच्या पानांत जाड भित्तिकांच्या पेशी अधिक असतात. शिवाय उष्ण हवामानात लिग्निन लवकर साठते. या दोन्ही कारणांनी त्यांची पचनीयता थंड प्रदेशांतील गवतांपेक्षा सामान्यतः कमी असते. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात तंतू कमी पण त्यांतील लिग्निनचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे त्याचे पचणारे तंतू झटपट पचतात आणि उरलेले मुळीच पचत नाहीत. गवतांचे तंतू सावकाश, पण अधिक प्रमाणात पचू शकतात.

बहुतेक वनस्पतींत पान खोडापेक्षा अधिक पचते. भाताचा पेंढा याला ठळक अपवाद आहे. भाताच्या पानांत सिलिका मोठ्या प्रमाणात साठत असल्याने पेंढ्यातील खोडाचा भाग पानांपेक्षा अधिक पचनीय आढळतो.

मका व ज्वारी यांच्या काही वाणांत पानाची मधली शीर तपकिरी असते. या नैसर्गिक उत्परिवर्तनामुळे लिग्निन कमी तयार होऊन चारा अधिक पचनीय होतो. मक्यात हा गुण १९२० च्या दशकात अमेरिकेत प्रथम आढळला. अशा वाणांत उत्पादन घटण्याचा व पीक लोळण्याचा धोका मात्र अधिक असतो.

नत्र, गंधक व इतर पोषकद्रव्ये

तंतू पचविणारे जीवाणू आपली प्रथिने मुख्यतः अमोनियापासून बनवतात. आहारात नत्र कमी पडल्यास त्यांची वाढ खुंटते आणि समोर भरपूर वैरण असूनही ती पचत नाही. आहारातील प्रथिनांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांखाली गेल्यावर गायीचे खाणेही घटू लागते. पेंढा, गव्हाचे काड व कडबा यांत प्रथिने साधारणतः ३ ते ६ टक्के असल्याने केवळ या वैरणींवर ठेवलेल्या जनावरात पहिली उणीव बहुधा नत्राचीच असते. थोडी सरकी पेंड किंवा लसूणघास दिल्याने कडब्याचे पचन सुधारते. कारण त्या घासातून गायीबरोबरच जीवाणूंचीही गरज भागते.

युरियासारखा नत्राचा स्रोत वापरताना गंधकाचीही गरज भासते. सूक्ष्मजीवांसाठी नत्र व गंधक यांचे प्रमाण सुमारे १० ते १२ भागांस १ असे असावे लागते. फॉस्फरस, कोबाल्ट इत्यादी खनिजेही आवश्यक असतात. प्रथिनांच्या विघटनातून तयार होणारी काही शाखायुक्त मेदाम्ले या जीवाणूंना विशेषत्वाने लागतात. त्यामुळे संपूर्ण नत्र युरियातून देण्यापेक्षा काही भाग पेंडीतून देणे हितावह ठरते.

पिष्टमय खुराक व कोटीपोटाचा सामू

तंतू पचविणाऱ्या जीवाणूंना सुमारे ६.२ ते ६.८ इतका सामू मानवतो. तो ६ च्या खाली गेला की त्यांची वाढ झपाट्याने मंदावते. मका, गहू, ज्वारी यांच्या भरड्यातील पिष्ट वेगाने आंबते आणि त्यातून तयार होणारी आम्ले शोषली जाण्यापूर्वीच कोटीपोटात साचतात. या आम्लांचे उदासिनीकरण करण्याचे काम मुख्यतः लाळ करते. प्रौढ गायीला दिवसाकाठी १०० लिटरहून अधिक लाळ सुटते व तीत बायकार्बोनेट आणि फॉस्फेट हे क्षार असतात. लाळ सुटते ती चर्वणाने आणि चर्वण घडते ते लांब वैरणीने. खुराक वाढवून वैरण कमी केली, तर एकाच वेळी आम्ल वाढते आणि त्याला आवर घालणारी लाळ घटते.

याचा दृश्य परिणाम दुधात दिसतो. खुराक वाढविल्यानंतर दूध काही काळ वाढते, परंतु स्निग्धांश घटतो. पशुपालकांच्या भाषेत ‘फॅट लागत नाही’. गायीच्या दुधाचा दर स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ यांवर ठरत असल्याने वाढीव खुराकाचा खर्च अनेकदा भरून निघत नाही. सामू दीर्घकाळ कमी राहिल्यास खाणे कमीजास्त होणे, शेण पातळ होणे, खुरांचा दाह होणे असे विकार उद्भवतात. सामू कृत्रिम रीत्या स्थिर ठेवला, तरीही भरपूर पिष्ट दिल्यास तंतुपचन काहीसे घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. सहज मिळणाऱ्या पिष्टावर वाढणारे जीवाणू इतर पोषकद्रव्ये घेऊन जातात, हे त्याचे एक कारण मानले जाते.

स्निग्ध पदार्थ

आहाराच्या शुष्कांशात स्निग्ध पदार्थांचे एकूण प्रमाण सुमारे ६ ते ७ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास तंतुपचन मंदावते. तेलाचा पातळ थर तंतूंवर बसतो आणि असंतृप्त मेदाम्ले जीवाणूंना बाधक ठरतात. मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार कोटीपोटात फारसे विरघळत नसल्याने त्यांचा हा दुष्परिणाम कमी असतो. ‘बायपास फॅट’ या नावाने ते विकले जातात.

कणांचा आकार

कडबाकुट्टी केल्याने वैरणीची नासाडी थांबते, गायीला खोड निवडून टाकता येत नाही आणि खाणे वाढते. परंतु कुट्टीमुळे लिग्निनचे बंध तुटत नाहीत, म्हणजे वैरणीची मूळ पचनीयता वाढत नाही. वैरण पिठासारखी बारीक दळल्यास उलट परिणाम होतो. कण लवकर पुढे सरकतात, रवंथ घटते व पचन कमी होते. लांब तंतूंचा एक तरंगता थर कोटीपोटात तयार होतो. तो लहान कणांना अडवून धरतो आणि रवंथाला चालना देतो. म्हणून कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरहून फार बारीक नसावी, असे सर्वसाधारण मत आहे.

हवामान व जनावराची स्थिती

कडक उन्हाळ्यात गाय कमी खाते, कमी रवंथ करते आणि धापा टाकते. तोंडातून लाळ गळून वाया जाते व रक्तातील बायकार्बोनेटही घटते. वैरण कोटीपोटात अधिक काळ राहिल्याने तंतूंची पचनीयता कधी कधी किंचित वाढलेली दिसते, परंतु एकूण खाणेच घटल्याने त्याचा लाभ होत नाही. तंतूंच्या पचनात खुराकाच्या मानाने अधिक उष्णता निर्माण होते. त्यामुळे उन्हाळ्यात वैरणीचा मोठा वाटा सायंकाळी व पहाटे देणे श्रेयस्कर असते. पाणी कमी पडल्यास खाणे व पचन दोन्ही खालावतात.

नवजात वासराचे कोटीपोट अविकसित असते. आईच्या व परिसराच्या संपर्कातून त्यात सूक्ष्मजीव येतात आणि घन आहार सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत ते कार्यक्षम होऊ लागते. प्रौढ गायीतही आहार एकाएकी बदलल्यास सूक्ष्मजीवांची घडी विस्कटते. ती पुन्हा बसण्यास दोन ते तीन आठवडे लागतात.

महाराष्ट्रातील प्रमुख वैरणी

पुढील आकडे शुष्कांशातील स्थूल प्रमाण दर्शवितात. वाण, जमीन व कापणीची वेळ यांनुसार त्यांत फरक पडतो.

| वैरण | एनडीएफ (टक्के) | प्रथिने (टक्के) |
|---|---|---|
| ज्वारीचा कडबा | ६० ते ७० | ३ ते ६ |
| भाताचा पेंढा | ६५ ते ७५ | ३ ते ४ |
| गव्हाचे काड | ७५ ते ८० | ३ ते ४ |
| उसाचे वाढे | ६५ ते ७५ | ४ ते ६ |
| संकरित नेपिअर | ६० ते ७० | ८ ते १० |
| मक्याचा मुरघास | ४५ ते ५५ | ७ ते ९ |
| लसूणघास | ४० ते ४८ | १८ ते २० |

सोलापूर, अहिल्यानगर व मराठवाडा या भागांत रब्बी ज्वारीचा कडबा ही मुख्य कोरडी वैरण आहे. मालदांडी ज्वारी धान्याइतकीच कडब्यासाठीही पेरली जाते. कडब्याची प्रत बाजारभावातही उतरते. हैदराबादमधील कडब्याच्या व्यापाराच्या अभ्यासात पचनीयता ४७ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेल्यास किंमत सुमारे एक-चतुर्थांशाने वाढते, असे आढळले. पृथक्करणाची साधने हाती नसतानाही खरेदीदार रंग, खोडाची जाडी, गोडवा व पानांचे प्रमाण यांवरून पचनीयतेचा बराच अचूक अंदाज बांधत होते.

कोकणात भाताचा पेंढा, तर पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात गळीत हंगामात उसाचे वाढे मुबलक मिळते. वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियमशी संयोग पावून ते शरीराला मिळू देत नाही. म्हणून त्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची व सोबत खनिज मिश्रण देण्याची शिफारस केली जाते. दुष्काळात चारा छावण्यांतून ऊस व वाढे यांवरच जनावरे जगवावी लागतात. अशा वेळी उसातील शर्करेमुळे ऊर्जा मिळते, पण नत्राची उणीव तशीच राहते. सोयाबीन व तूर यांच्या भुसकटात प्रथिने कडब्यापेक्षा थोडी अधिक असली, तरी लिग्निनही अधिक असते.

पचनीयता वाढविण्याचे उपाय

युरिया प्रक्रिया हा निकृष्ट कोरड्या वैरणीसाठी सर्वाधिक अभ्यासलेला उपाय आहे. १०० किलोग्रॅम काड किंवा पेंढा थराथराने पसरून त्यावर ४ किलोग्रॅम युरिया ४० ते ६५ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून समप्रमाणात शिंपडतात. प्रत्येक थर दाबून हवा काढतात व ढीग प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद करून सुमारे तीन आठवडे ठेवतात. या काळात युरियापासून अमोनिया तयार होतो. तो लिग्निन व हेमिसेल्युलोज यांमधील काही बंध सैल करतो आणि नत्रही पुरवितो. प्रथिनांचे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांवरून साधारणतः दुप्पट होते. अमोनियाचा बराचसा भाग ढीग उघडल्यावर उडून जातो. म्हणून वैरण काही वेळ हवेवर पसरून मगच जनावरांना घालतात.

युरिया नीट न विरघळल्यास, एका जागी साचल्यास किंवा त्याचे द्रावण जनावराने प्याल्यास विषबाधा होऊन मृत्यू ओढवू शकतो. सहा महिन्यांखालील वासरांना व उपाशी जनावरांना युरियायुक्त वैरण देऊ नये. इतर जनावरांनाही ती थोडीथोडी वाढवत द्यावी लागते.

इतर उपायांत पुढील गोष्टींचा समावेश होतो.

- चारा फुलोऱ्याच्या योग्य अवस्थेत कापणे व जास्तीच्या चाऱ्याचा मुरघास करणे.
- कोरड्या वैरणीसोबत द्विदल हिरवा चारा, पेंड किंवा युरिया-मळी-खनिज चाटण वीट देणे.
- खुराक एकाच वेळी न देता तीन-चार वेळा विभागून देणे आणि त्याआधी थोडी लांब वैरण घालणे किंवा वैरण व खुराक एकत्र मिसळून देणे.
- आहारात बदल दोन ते तीन आठवड्यांत हळूहळू करणे.
- खुराक अधिक असल्यास खाण्याचा सोडा व यीस्ट यांचा वापर करणे. यीस्टचा परिणाम आहारानुसार कमी-अधिक आढळतो.
- स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध ठेवणे.

कडब्यावर मिठाचे किंवा गुळाचे पाणी शिंपडल्याने चव सुधारते व गाय अधिक खाते. मात्र त्यामुळे पेशीभित्तिकेची रचना बदलत नाही.

पचनीयतेचे मापन

सर्वांत जुन्या पद्धतीत जनावराने खाल्लेल्या वैरणीतील व शेणातील तंतू मोजून त्यांतील फरक काढतात. नायलॉन पिशवी पद्धतीत वैरणीचा नमुना सच्छिद्र पिशवीत घालून ती कायमस्वरूपी छिद्र केलेल्या गायीच्या कोटीपोटात ठरावीक तास ठेवतात. टिली व टेरी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत हेच पचन प्रयोगशाळेत काचपात्रात घडवून आणतात. जर्मनीतील होहेनहाइम येथे १९७० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत आंबवण्यातून निघणाऱ्या वायूच्या आकारमानावरून पचनाचा अंदाज घेतात.

गोठ्यात प्रत्यक्ष निरीक्षणानेही बरेच कळते. विसावलेल्या गायींपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करीत असाव्यात, असा संकेत आहे. शेणाचा थोडा भाग चाळणीवर धुतला असता लांब तंतू व अख्खे दाणे मोठ्या प्रमाणात दिसल्यास पचन अपुरे होत असल्याचे समजते. सकाळ-सायंकाळच्या दुधातील स्निग्धांशाची नोंद हा आणखी एक निदर्शक होय.

महत्त्व

मनुष्य, कोंबडी व डुक्कर यांना पचविता येत नाही असे काड, पेंढा व गवत दुधात रूपांतरित करणे हे गायीचे वैशिष्ट्य आहे. धान्याच्या खुराकावर अधिकाधिक अवलंबून राहिल्यास हे वैशिष्ट्य मागे पडते आणि गाय माणसाच्या अन्नाची वाटेकरी होते. पचनीयता वाढल्यास तेवढ्याच वैरणीत अधिक दूध मिळते आणि प्रत्येक लिटर दुधामागे निर्माण होणारा मिथेन घटतो. अल्पभूधारक पशुपालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की कापणीची वेळ, नत्राची जोड व खुराकाची विभागणी या तीन गोष्टी सांभाळल्यास विकत घ्याव्या लागणाऱ्या खुराकाचा काही भाग त्याच्या स्वतःच्या कडब्यातूनच भरून निघू शकतो.

हे सुद्धा पहा

- रवंथ करणारे प्राणी
- मुरघास
- कडबा
- सेल्युलोज
- दुग्धव्यवसाय